रुग्ण आणि दुखणेकरी : विज्ञानसाहित्यातील भावी वैद्यक

विज्ञानसाहित्यातील वैद्यकाची चर्चा बहुधा हिशेबतपासनिसाच्या भूमिकेतून केली जाते. कोणत्या लेखकाने कोणते उपकरण किती वर्षे आधी कल्पिले, ते पुढे प्रत्यक्षात आले की नाही, आले असल्यास कल्पनेत आणि वास्तवात किती अंतर राहिले, असा जमाखर्च मांडला की समीक्षेचे काम संपले असे मानण्याकडे कल असतो. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील ट्रायकॉर्डर हे हातात मावणारे निदानयंत्र अशा चर्चेचे आवडते उदाहरण होय. तसे यंत्र खरोखर घडवू पाहणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये एक स्पर्धा सुरू झाली, २०१७ मध्ये तिची पारितोषिके दिली गेली, आणि भाकितवादी समीक्षेला आपल्या पद्धतीचा जणू पुरावाच सापडला. मराठीत ही पद्धत अधिक दृढ होण्यास ऐतिहासिक कारण आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धांच्या द्वारे विज्ञानकथेला आधार दिला; जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये अशाच स्पर्धेत टोपणनावाने दाखल झाली होती. विज्ञानप्रसार हा ज्या वातावरणाचा घोषित हेतू, तेथे 'कथेतले विज्ञान निर्दोष आहे काय?' हा प्रश्न पहिला ठरणे स्वाभाविक होते. परंतु जो प्रश्न पहिला, तोच अखेरचाही ठरला, ही खरी अडचण आहे.

वैद्यकाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. अंतराळयान किंवा कालयंत्र याची कल्पना वस्तूची कल्पना म्हणून तपासता येते. वैद्यक मात्र केवळ वस्तूंचे बनलेले नसते. एक माणूस दुसऱ्या माणसापुढे आपले शरीर उघडे करतो, त्याविषयी काही सांगतो, आणि त्या सांगण्यावर दुसरा विश्वास ठेवतो अथवा ठेवत नाही, हा वैद्यकाचा मूळ प्रसंग होय. म्हणून भावी वैद्यक कल्पिणाऱ्या संहितेला विचारावयाचा प्रश्न यंत्रासंबंधीचा नव्हे, निवेदनासंबंधीचा आहे : या संहितेत आजारी माणूस बोलतो काय? बोलत असल्यास कोणाशी? आणि कथेचे दृष्टिकेंद्र त्याच्या शरीराच्या आत आहे की बाहेर?

मराठी भाषेने या भेदासाठी दोन शब्द आयतेच दिले आहेत. 'रुग्ण' हे संस्कृत 'रुज्' धातूचे भूतकालवाचक कर्मणी रूप. मोडलेला, भग्न झालेला, असा त्याचा मूळ अर्थ. रुग्णाला काहीतरी झालेले असते. तो काही करीत नसतो. जुन्या मराठी घरातला 'दुखणेकरी' मात्र शेतकरी किंवा वारकरी यांच्याप्रमाणे 'करी' प्रत्यय घेऊन येतो. तो दुखणे काढतो, प्रसंगी अंगावर काढतो, पथ्य सांभाळतो, कुपथ्यही करतो. दवाखान्याच्या भाषेतून हा शब्द हद्दपार झाला यात नवल नाही. मिशेल फुको यांनी १९६३ च्या आपल्या वैद्यकविषयक ग्रंथात अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय वैद्याचा प्रश्नच बदलला, 'तुम्हाला काय होते?' या विचारणेच्या जागी 'कुठे दुखते?' ही विचारणा आली, असे दाखविले आहे. दुसऱ्या प्रश्नाला बोट दाखवूनही उत्तर देता येते. विज्ञानसाहित्याने ज्या वैद्यकाचे भविष्य रेखाटले ते या दुसऱ्या प्रश्नावर उभे राहिलेले वैद्यक आहे. त्यामुळे त्या भविष्यात दुखणेकरी सापडणे दुर्मीळ.

याचे टोकाचे रूप म्हणजे १९६६ चा 'फँटास्टिक व्हॉयेज' हा चित्रपट आणि आयझॅक असिमोव्ह यांनी त्यावरून लिहिलेली कादंबरी. मेंदूत रक्ताची गुठळी झालेल्या एका शास्त्रज्ञाच्या देहात एक पाणबुडी आणि तिच्यातील चमू सूक्ष्म करून सोडण्यात येतो. तासाभरात गुठळी नष्ट करून त्यांना बाहेर पडावयाचे असते. येथे शरीर हा प्रदेश आहे. रक्तवाहिन्या नद्या होतात, पांढऱ्या पेशी श्वापदे होतात, आणि साहसकथेचे सारे संकेत जसेच्या तसे लागू पडतात. या प्रदेशाचा धनी मात्र बेशुद्ध आहे. चमू अखेर डोळ्यातील अश्रूबरोबर बाहेर येतो. संपूर्ण कथेत रुग्णाने केलेली एकमेव कृती म्हणजे हा अश्रू, आणि तोही त्याचा नव्हे; वैद्यांचे ते वाहन आहे. 

हाच नकाशा १९८६ च्या चौथ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातील एका छोट्या प्रसंगात वेगळ्या, अधिक प्रसन्न स्वरूपात भेटतो. भविष्यातून आलेला डॉक्टर मॅकॉय सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयातून घाईने जात असताना डायलिसिसवरील वृद्धेला एक गोळी देतो, आणि थोड्या वेळाने तिला नवे मूत्रपिंड फुटल्याची आनंदवार्ता कळते. प्रेक्षक हसतो, आणि हसणे योग्यच आहे. परंतु त्याच रुग्णालयातील इतर खाटांवर कोण होते, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. भविष्यातील वैद्यक येथे वाटेने जाणाऱ्या देवाच्या प्रसादासारखे आहे. ज्याच्या वाट्याला आले त्याच्या आले. वाटपाचा प्रश्न विनोदाने झाकला जातो.

विज्ञानसाहित्याचा प्रारंभ मात्र असा नव्हता. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (१८१८) वॉल्टनच्या पत्रांत फ्रँकेन्स्टाइनचे निवेदन आणि त्या निवेदनाच्या पोटात त्याने घडविलेल्या जीवाचे निवेदन अशी तिपेडी रचना आहे. कादंबरीच्या मध्यभागी प्रयोगाचा विषय स्वतः बोलतो, युक्तिवाद करतो, आपल्या निर्मात्याला कर्तव्याची आठवण देतो. त्याला नाव नाही, पण वाणी आहे. पुढे लोकप्रिय रूपांतरांनी, विशेषतः १९३१ च्या चित्रपटाने, त्याची ही वाणीच काढून घेतली आणि गुरगुरणे तेवढे ठेवले. या एका फरकात पुढील शतकभराच्या विज्ञानसाहित्याचा ओघ जणू सूचित झाला आहे.

सिरिल कॉर्नब्लुथ यांची 'द लिटल ब्लॅक बॅग' (१९५०) ही कथा या ओघातील सर्वांत विचारगर्भ संहिता म्हणावी लागेल. दारूच्या आहारी जाऊन व्यवसायातून बाहेर फेकल्या गेलेल्या डॉक्टर फुल याच्या हाती भविष्यातील डॉक्टरची काळी बॅग चुकून येते. ज्या काळातून ती आली त्या काळी बहुसंख्य माणसांची बुद्धी मंदावलेली आहे. म्हणून डॉक्टरच्या बुद्धीवर काहीच अवलंबून राहू नये अशी हत्यारांची रचना केलेली आहे. लक्षण तक्त्यात पाहावे, त्याप्रमाणे औषध द्यावे. सुरीला कोणत्या ऊती कापावयाच्या आणि कोणत्या वाचवावयाच्या हे ठरवून दिले की ती तेवढेच करते. कौशल्य हातातून निघून हत्यारात जाऊन बसले आहे. या बॅगेमुळे फुल याला गमावलेली प्रतिष्ठा परत मिळते, आणि तिच्याबरोबर, कथेचा हा सूक्ष्म भाग, त्याची नीतीही परत येते. बॅग वैद्यकाच्या जगाला अर्पण करावी असे त्याला वाटू लागते. त्याची भागीदार अँजी हिला मात्र श्रीमंत स्त्रियांच्या सुरकुत्या घालविण्याचा धंदा सोडावयाचा नाही. ती त्याच बॅगेतील सुरीने त्याचा खून करते. पुढे एका गिऱ्हाइकाला सुरी निर्धोक असल्याचे दाखविण्यासाठी ती सुरी स्वतःच्याच गळ्यावर चालविते. आणि तेवढ्यात, भविष्यकाळात, एका कर्मचाऱ्याला या क्रमांकाच्या बॅगेने हत्या झाल्याचे दिसते व तो तिचा पुरवठा बंद करतो.

ही कथा बहुधा लोभाच्या शिक्षेची कथा म्हणून वाचली जाते. ते वाचन चुकीचे नाही, पण तोकडे आहे. कॉर्नब्लुथने ओळखलेली गोष्ट अशी की, कौशल्य हत्यारात गेले की हत्यारावरील हुकमत वैद्याकडे राहत नाही; ती दूर कोठेतरी बसलेल्या, रोग्याला कधीही न पाहिलेल्या माणसाकडे जाते. फुल आणि अँजी, सज्जन आणि दुर्जन, दोघेही ज्या सत्तेच्या आधाराने उपचार करतात ती त्यांना ठाऊकच नाही. आज निदानाचे काम संगणकीय प्रणालींकडे सोपविण्याचा विचार होत असताना या कथेतील सुरीपेक्षा तो कर्मचारी अधिक ओळखीचा वाटतो. भाकिताच्या वहीत सुरीची नोंद होते; कर्मचाऱ्याला तेथे रकाना नाही.

तथापि या कथेतही दुखणेकरी नाही. फुल याने बरी केलेली पहिली रोगी म्हणजे झोपडपट्टीतील एक लहान मुलगी. ती कथेत येते, बरी होते आणि कथेबाहेर जाते. तिला काय वाटले याची नोंद घेण्याची कथेला गरज भासत नाही.

वैद्यक आणि दंडसंस्था यांच्या नात्याचा विचार विज्ञानसाहित्याने फार आधीपासून केला आहे. सॅम्युएल बटलर यांच्या 'एरेव्हॉन'मध्ये (१८७२) आजारी पडणे हा गुन्हा आणि अफरातफर हा आजार मानला जातो. क्षयाच्या आरोपीला न्यायाधीश गंभीरपणे सक्तमजुरी ठोठावतो. लॅरी निव्हेन यांच्या 'द जिगसॉ मॅन'मध्ये (१९६७) हेच समीकरण उलटे होऊन अधिक भयंकर बनते. अवयवारोपण सुलभ झालेल्या समाजाला अवयवांचा पुरवठा मृत्युदंडितांकडून होतो. अधिक अवयव हवेत म्हणून नागरिक आपल्याच मतांनी अधिकाधिक गुन्ह्यांना देहांताची शिक्षा लावून घेतात. कथानायकाचा गुन्हा शेवटच्या ओळींत कळतो : त्याने वाहतुकीचे नियम वारंवार मोडले आहेत. ही कथा प्रसिद्ध झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केप टाउनमध्ये माणसाच्या हृदयाचे पहिले आरोपण केले, हा योगायोग नेहमी सांगितला जातो. त्याहून महत्त्वाचे हे की निव्हेनच्या कथेत खलपुरुष कोणीच नाही. आयुष्य वाढावे ही प्रत्येकाची साधी इच्छाच तेथे कायदा घडविते. मात्र शेवटच्या धक्क्यावर सारी भिस्त ठेवल्यामुळे कथा दुसऱ्या वाचनात फार पातळ होते, हेही नोंदविले पाहिजे.

उत्तर आयर्लंडचे जेम्स व्हाइट यांच्या 'सेक्टर जनरल' या कथामालेचा (१९५७ पासून) येथे अपवाद म्हणून निर्देश करावयास हवा. अंतराळातील या अवाढव्य रुग्णालयात परग्रहावरील जीवावर उपचार करण्यापूर्वी डॉक्टरला त्या जातीच्या वैद्याच्या स्मृती आपल्या मनात भरून घ्याव्या लागतात. मग त्याला स्वतःचेच हातपाय परके वाटू लागतात, स्वतःच्या ताटातील अन्नाची शिसारी येते. उपचार करणाराच येथे थोडा रुग्ण होतो. गोष्टी बाळबोध आहेत आणि संघर्ष लवकर मिटतात. पण परक्या शरीराचे ज्ञान वैद्याला स्वतःच्या शरीरात सोसावे लागते, ही कल्पना या प्रकारातील अनेक प्रौढ कृतींना सुचलेली नाही.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'द ईव्हनिंग अँड द मॉर्निंग अँड द नाइट' (१९८७) या दीर्घकथेत दृष्टिकेंद्र पूर्णपणे आजारी देहात जाते, आणि त्यासरशी कथेचा घाटच बदलतो. कर्करोगावर एक प्रभावी औषध निघते. ते घेतलेल्यांच्या संततीत एक आनुवंशिक रोग उतरतो. वेळ आली की रोगी स्वतःच्याच देहाला ओरबाडू, फाडू लागतो, कधी इतरांनाही मारतो. निवेदिका लिन हिचे आई व वडील दोघेही या रोगाचे बळी आहेत, म्हणजे तिचा आजार दुहेरी वारशाचा आहे. विज्ञानकथेत उपचार हा साधारणपणे कथेचा शेवट असतो. येथे तो कथेच्या आरंभापूर्वीच होऊन गेला आहे, आणि त्या यशाचे देणे पुढची पिढी फेडते आहे. डार्को सुविन यांनी विज्ञानसाहित्याचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून सांगितलेले 'नवतत्त्व', म्हणजे ज्ञात जगाला बोधपूर्वक दुरावा देणारी नवी गोष्ट, या कथेत बाहेरून समोर येत नाही. ते निवेदिकेच्या रक्तातच आहे. दुरावा जगाशी नव्हे, स्वतःशी.

म्हणूनच या कथेत यंत्रे फारशी नाहीत, पथ्य आहे. ठरावीक बेचव, बिस्किटवजा अन्न, ओळखीचे चिन्ह, एकत्र राहणारे समदुःखी विद्यार्थी, आणि सवयीने जपलेली भीती यांतून बटलर आजाराचे दैनंदिन जगणे उभे करतात. लिनला पुढे कळते की दुहेरी वारशाच्या स्त्रियांच्या देहगंधात इतर रोग्यांना शांत करण्याची, त्यांची शक्ती कामाकडे वळविण्याची क्षमता असते. डिल्ग या संस्थेत रोगीच रोग्यांना सांभाळतात, शोध लावतात, कलाकृती घडवितात. सोपी कथा येथे विजयाने संपली असती. बटलर मात्र लिनचा जोडीदार अ‍ॅलन याच्याकरवी विचारतात की गंधाने शांत झालेला माणूस स्वतःच्या इच्छेने शांत झाला काय? लिनलाही हा अधिकार हवासा वाटत नाही, आणि नाकारताही येत नाही. वैद्य आणि रुग्ण यांच्यातील सत्तासंबंध रुग्णच वैद्य झाल्याने नाहीसा होत नाही. फक्त तो लपविण्याची सोय उरत नाही. कथा जेथे थांबते तेथे लिन अस्वस्थच आहे.

काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये (२००५) निवेदन कॅथी एच. या 'काळजीवाहक' तरुणीकडे आहे. तीही लवकरच अवयव देणारी होणार आहे. कादंबरीत एकही शस्त्रक्रिया दाखविलेली नाही. वैद्यकीय तपशील जवळजवळ नाहीतच. आहे तो केवळ सौम्य शब्दांचा पडदा, आणि त्या शब्दांतला प्रमुख शब्द म्हणजे 'दान'. मराठी वाचकाला हा शब्द इंग्रजी वाचकापेक्षा अधिक बोचावा. रक्तदान, नेत्रदान, देहदान, अवयवदान या समासांतून मराठीने आधुनिक वैद्यकाला दानधर्माची परंपरा बहाल केली. वज्रासाठी अस्थी देणारा दधीचि अवयवदानाच्या आवाहनांत आजही उभा केला जातो. या परंपरेत दाता वरच्या पायरीवर असतो, घेणाऱ्याचा हात खाली. इशिगुरोंच्या जगात पायऱ्या उलट झाल्या आहेत आणि शब्द तेवढा जुना राहिला आहे. कॅथी तो शब्द इतक्या सहजपणे वापरते की तिच्या शांत निवेदनाविषयीच वाचकाला संशय येऊ लागतो : बोलणारा प्रत्येक आजारी माणूस दुखणेकरी असतोच असे नाही, त्याच्या तोंडी दवाखान्याचीच भाषा असू शकते.

मुंबईच्या एका खोलीत ही उलटापालट मंजुळा पद्मनाभन यांनी आधीच घडवून आणली होती. त्यांच्या 'हार्वेस्ट' या इंग्रजी नाटकाला १९९७ मध्ये ओनॅसिस पारितोषिक मिळाले. गोविंद निहलानी यांनी २००१ मध्ये त्यावरून 'देहम' हा चित्रपट केला. नाटकाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयवारोपणाचा कायदा केला आणि अवयवांच्या खरेदीविक्रीला मनाई केली. पद्मनाभन यांनी अशा काळात २०१० ची मुंबई कल्पिली, जेथे हा व्यापार राजरोस चालतो. नोकरी गेलेला ओम एका बहुराष्ट्रीय कंपनीशी करार करतो. परदेशातील 'स्वीकारकर्त्या'साठी त्याचे शरीर राखून ठेवले जाते. दात्याने अविवाहित असावे अशी अट असल्याने बायको जया हिला तो बहीण म्हणवून घेतो. घरात नवे सामान येते, स्वच्छतागृह येते, जेवणाच्या जागी रंगीत गोळ्या येतात, आणि छताला टांगलेल्या गोलातून गिनी नावाची गोरी तरुणी कुटुंबावर नजर ठेवते. बटलरच्या कथेतील पथ्य रोग्याने स्वतःच्या भीतीपोटी पाळलेले होते. येथे पथ्य दुसऱ्याच्या आरोग्यासाठी आहे. आजारी माणूस एका खंडात, त्याचे पथ्य दुसऱ्या खंडात, अशी ही विभागणी आहे.

२०१० उलटून गेले आहे. तशी कंपनी आली नाही, तसा गोलही कोणाच्या छताला टांगला गेला नाही. भाकिताच्या वहीत नाटक नापास ठरते. रंगभूमीच्या दृष्टीने मात्र पद्मनाभन यांची निवड अचूक आहे : येथे रुग्णालय रंगमंचावर येतच नाही. रंगमंच म्हणजे सर्वस्वी घर, आणि रोगी म्हणजे पडद्यावरचे चित्र. विज्ञानसाहित्याने गृहीत धरलेली मांडणी, वैद्य समोर आणि देणारे शरीर पडद्याआड, या नाटकाने उलथून टाकली. ओम आणि त्याची आई या दोन्ही पात्रांचे रेखाटन काहीसे व्यंगचित्रात्मक झाले आहे, आणि आईला व्हिडिओकोचात बंद करून टाकण्याची युक्ती नाटककर्तीच्याच सोयीची वाटते. परंतु जयाच्या अखेरच्या प्रवेशापुढे हे दोष मागे पडतात. गिनी हे केवळ संगणकाने घडविलेले चित्र होते आणि तिच्याआड व्हर्जिल नावाचा वृद्ध होता, हे उघड होते. जयाच्या दिराचे, जीतूचे, शरीर त्याने आता धारण केले आहे. आता त्याला जयाकडून मूल हवे आहे. तेही स्वतः न येता, उपकरणाच्या द्वारे. जया दार लावून घेते. मूल हवे असल्यास त्याने स्वतः, आपल्या देहानिशी, संसर्गाची आणि वेदनेची जोखीम पत्करून या खोलीत यावे, नाहीतर ती जीव देईल, अशी तिची अट आहे. बाहेर पहारेकरी दार फोडू पाहत असतात, आणि आत ती पडद्यावरच्या माणसाला सांगते की तोवर त्याने तिचे नाव नीट उच्चारण्याचा सराव करावा. इतका वेळ तो ते चुकीचे उच्चारीत आला आहे.